उ ऱ्हस्व

पुस्तक वाचनालयाचं. पाठीवर खाकी पट्टी,
आत शिक्के तीन, आणि कडेकडेनं
कुणीतरी शिसपेन्सिलीनं ठेवलेलं लक्ष.
तिसऱ्याच पानावर बंद फ्लॅटच्या आतून
ते जे काही आहे ते म्हणतं, दार ऊघड.
समासात बारीक अक्षर: उ ऱ्हस्व.

मी मोठ्यानं हसले.
कर्वेनगरात रात्री साडेअकराला एकटी बाई हसली
की खालचे पटवर्धन पंखा बंद करून ऐकतात.

कादंबरी मीटर वाचणाऱ्या पोराची.
चारशे तीनला दोन वर्षं कुलूप, आणि युनिटं चढतायत.
एकशे बारा. पुढच्या महिन्यात पुन्हा एकशे बारा.
जशी एखादी बेतानं राहणारी बाई वापरते:
एक दिवा, एक पंखा, सकाळी दहा मिनिटं गिझर.
(माझं बिल एकशे नऊचं होतं. सहज आठवलं.)

समासातला माणूस चिडत होता.
पान चाळीस: "असा फोटो काढत नाहीत."
पान छप्पन्न: "सील तोडल्याशिवाय अशक्य.
मी एमएसईबीत एकतीस वर्षं होतो."
त्याच्या भरवशावर मी पुढे गेले.
जिन्यात ओली पावलं उमटली तेव्हा
आधी समास बघितला, मग ओळ.
शुद्धलेखन तपासलेल्या भुताला
माणूस निदान खुर्ची तरी देतो.

पान एकशे सोळा: नुसतं प्रश्नचिन्ह.
पान एकशे एकोणचाळीस: "हे बरोबर आहे."
पान एकशे अठ्ठ्याऐंशी, अक्षर जरा मोठं, उतरतं:
"असं एकदा पाहिलंय. गोखलेनगर, ८७.
रिपोर्टात लिहिलं नाही."

दोन दिवस पुस्तक पालथंच ठेवलं.
मेथी निवडली, बँकेत पासबुक भरून आणलं.
तिसऱ्या रात्री कचऱ्याचं निमित्त करून
पार्किंगमध्ये गेले. मीटरच्या जाळीआड
बावीस लाल ठिपके, ज्याचा त्याचा ताल धरून.
सातपुते मार्चपासून टोरांटोला.
त्यांचाही ठिपका मिचकावत होता. सावकाश.
फ्रिज चालू ठेवून गेले असतील,
असं मी म्हणाले. मोठ्यानं. कुणाला, कोण जाणे.

दोनशे बारानंतर पेन्सिल नाही.
पानं दिव्याखाली तिरपी धरून पाहिली,
लिहून खोडलं असेल म्हणून.
खोडलेलंही नव्हतं.

"पेन्सिलवाले ना?" खांबेटेबाई चष्म्यावरून म्हणाल्या,
"गोवंडे. किती वेळा सांगितलं, लिहू नका.
सुनेनं आणून दिलं पुस्तक, जुलैत.
आत लाईटबिलाची खूण होती, तशीच.
दंड नाही घेतला मी.
तुमची मात्र तारीख उलटलीये, गुरुवारी."

तेव्हा आता पुढची पानं माझी एकटीची.
पोरगा कुलपाला किल्ली लावतो,
आणि मला एकदम गोवंड्यांचा राग येतो,
इथवर आणून सोडल्याचा.
बाहेर डीपी रोडला रिक्षा थांबते, सुट्या पैशांवरून वाद,
मग रिक्षा जाते.
दिवे जात नाहीत. कुणी बेल वाजवत नाही.
काहीच होत नाही, आणि ते
स्वयंपाकघरातून नीट ऐकू येतं.

पान दोनशे एकतीस. दाराच्या आतून
तोच आवाज, आता अगदी लाकडाला लागून:
मी केव्हाची ऊभी आहे.

मी वाट पाहिली. समास गप्प.
मग उठले, शिवणाच्या डब्यात पेन्सिल सापडली,
सुरीनं टोक काढलं,
आणि लिहिलं: उ ऱ्हस्व.

अक्षर माझंच आहे.
दिव्याखाली धरून दोनदा पाहिलं.